सुमनचा सैल हात

लोक सुरतेला साड्या आणायला जातात, मी जाऊ परत आणायला गेले होते. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. कंबर धरलेली, डाव्या खांद्यात कळ, आणि पिशवीत तिळाच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुमनसाठी घेतलेलं खणाचं कापड. घरातून निघतानाच मी इतकी दमलेली होते की आमचे हे म्हणाले, "परत येताना तुलाच आणायला कुणाला तरी पाठवावं लागेल." यांना विनोद सुचतो तो नेमका मी चप्पल घालत असताना.

जायचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही येवल्याचे. घरात पैठणीचा हातमाग. साडीचं अंग एकटीला विणता येतं. पदर साधा असला तर तोही येतो. पण पदर भरगच्च असला, बांगडीत बसवलेले मोर, वेली, पोपट असं सगळं त्यात असलं, की मागावर दोघी शेजारी शेजारी बसतात. अर्धा पदर डावीकडची विणते, अर्धा उजवीकडची. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि ती बोटांनीच आतबाहेर करायची. मध्ये जिथे दोघींची हद्द येते, तिथे एकीचा धागा दुसरीच्या धाग्यात अडकवायचा, फुगडीत हात धरतात तसा. मग फणी ठोकायची आणि पुढची ओळ. दिवसभरात बोटाच्या पेराएवढा पदर झाला तर दिवस चांगला गेला म्हणायचं. डावी बाजू माझी, उजवी माझ्या धाकट्या जावेची, सुमनची. अठरा वर्षं आम्ही अशा बसलो.

माझे दीर, म्हणजे सुमनचे यजमान, वारले. पुढे सुमनच्या मुलाला, नीलेशला, सुरतेत एम्ब्रॉयडरी मशीनवर काम मिळालं आणि दोन वर्षांपूर्वी तो आईला घेऊन गेला. मी तेव्हा फार अडवलं नाही. एकटी साधे पदर विणत राहिले. मग नाशिकच्या एका घरचं काम आलं. चैत्रात लग्न, मुलीला आजीच्या पैठणीसारखाच पदर हवा. मी हो म्हटलं आणि उजव्या बाजूला रंजनाला बसवलं. रंजना आमच्याच गल्लीतली, दोन लेकरांची आई, हात स्वच्छ. चार बोटं पदर झाला आणि उजवीकडचा काठ आत यायला लागला. कापड ताणून धरायची काठी लावली, तरी आत. उकललं, परत विणलं, परत आत. काठ वाकडा म्हणजे पैठणी गेली, मोर कितीही देखणे असोत. दोष रंजनाच्या बाजूला दिसत होता म्हणून मी रंजनाला बोलले. जरा जास्तच बोलले. ती रडली आणि दोन दिवस आली नाही. आमचे हे म्हणाले, "हा पदर फसला तर माग काढून टाकू. पुरे झालं आता." ते चिडून म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं, पण ते शांतपणे म्हणाले. म्हणून सुरत. महिनाभर सुमन येऊन बसली असती, की पदर पार पडला असता.

बारडोलीच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रवासाचं फार सांगत नाही. बसमध्ये माणूस बसतो, एवढंच. नवापूरनंतरही मी जागी होते. बारडोलीच्या अलीकडे ऊस सुरू झाला तो संपेचना. खिडकीतून मळीचा आंबूस वास आत आला आणि शेजारच्या बाईने नाकाला पदर लावत विचारलं, "सुरतमा कोण शे तुमनं?" ती साक्रीकडची होती, लेकीकडे चालली होती.

"जाऊ आहे. तिला आणायला चाललेय."

"आनायला?" ती माझ्यासाठी भाषा बदलून म्हणाली. "माय, सुरतहून कोनी मागे जात नाही. माझे तीन भाऊ गेले. दिवाळीले येतात, दोन दिवसांत कंटाळतात."

मी म्हटलं, आमची सुमन तशी नाही. मग मला झोप लागली, आणि कुणीतरी "सुरत, सुरत" ओरडलं म्हणून धडपडत उतरले ते कडोदऱ्यालाच. सुरत अजून बरीच लांब. रस्त्यावर ट्रकच ट्रक, सगळ्यांवर कापडाच्या गासड्या. रिक्षावाल्याशी मी माझ्या मोडक्या हिंदीत घासाघीस करत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मराठीत बोला ना, मी धुळ्याचा." त्यानंतर त्याने काही कमी केलं नाही, पण मला बरं वाटलं.

भेस्तान

भेस्तानला सुमनचं घर पहिल्या मजल्यावर. खाली किराण्याचं दुकान, वर दोन खोल्या, जिन्यात गोंदाचा वास. दार उघडंच होतं. आत नीलेशची बायको कल्पना जमिनीवर बसून एका गुलाबी साडीवर चमकीचे खडे चिकटवत होती. बाजूला तशाच साड्यांचा ढीग, माझ्या गुडघ्याएवढा. ती सुरतेतच वाढलेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात.

"मोठ्या सासूबाई! बेसा ना, बेसा. आई ड्युटीवर आहेत, छ वाजता सुटतात."

मला वाटलं होतं सुमनही घरी बसून हेच खडे चिकटवत असेल. सगळ्या रस्त्याने मी तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं होतं. बिचारी सुमन, गोंदाने भरलेली बोटं, मी दारात उभी, आणि ती म्हणते, अक्का, बरं झालं आलात. खरं सांगायचं तर त्या चित्रावरच माझी सगळी भिस्त होती.

सुमन सहाला आली. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, गळ्यात दोरीला लटकवलेलं कार्ड. कार्डावर तिचा फोटो. फोटोत ती हसत नव्हती, पण ताठ बघत होती. मला पाहून ती दारातच थांबली, मग वाकून पाया पडली.

"अक्का, कळवलं असतं तर मी घ्यायला आले असते. कडोदऱ्याला उतरलात का? सगळे तिथंच उतरतात."

रात्रीच्या जेवणाला शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. सुमनचं माहेर अमळनेरकडचं. आमच्या घरी इतकी वर्षं तिने आमच्यासारखा स्वयंपाक केला, मसाला कमी, गूळ जास्त. इथे तिने रश्शात तिखट सढळ हाताने घातलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कल्पनाने घाईने दही वाढलं. सुमन हसली आणि आपल्या ताटात आणखी रस्सा घेतला. त्या दिवशी मी पदराचं काही काढलं नाही. आल्याआल्या काम सांगायला मीही काही इतकी कोरडी नाही.

लूम्सचं खातं

इथे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी सुमनबरोबर खात्यावर गेले. घरी बसून कल्पनाचे खडे मोजण्यापेक्षा ते बरं.

आवाज गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतो. आमच्याकडे मागाचा आवाज म्हणजे फणीचा ठोका, मग थोडं थांबणं, मग ठोका. मधल्या वेळात माणूस बोलतो, खोकतो, सुनेबद्दल तक्रार करतो. इथे ते मधलं थांबणंच नाही. मागांच्या रांगा, आणि एकेक माणूस कितीतरी मागांमधून फिरत असतो. ती माणसं एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलतात. एकाने मला पाहून दोन बोटं ओठांना लावली. मला वाटलं बिडी मागतोय. तो चहा विचारत होता.

सुमनचं काम मागच्या दालनात, दार लावलं की जरा शांत. तिरप्या काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावलेली आणि काचेवरून कापड सरकत येतं. कापडाच्या अख्ख्या गुंडाळीला इथे ताका म्हणतात. सुमन उभी राहून ताका बघते. तुटका धागा, डाग, गाठ दिसली की खडूची खूण. ताका संपला की पास किंवा नापास, आणि चिठ्ठीवर तपासणाऱ्याचं नाव. सुमन ते नाव गुजरातीत लिहिते. माझ्या देखत तिने तीन चिठ्ठ्या लिहिल्या. आमच्याकडे किराण्याच्या यादीला तिचा हात कधी लागला नव्हता. यादी मी लिहायचे.

खात्याचे मास्तर, एक जाडगेले गृहस्थ, मला बसायला स्टूल देत म्हणाले, "आवो बेन, बेसो. सुमनबेननी नजर बहु पाकी छे. एमना हाथमांथी पास थाय, पछी कोई बोले नहीं."

सुमनने पास केलं की पुढे कुणी बोलत नाही, एवढं कळलं. मी मान डोलावली. आणि मग काचेवरून जे कापड सरकत आलं ते बघून मला बसवेना. जांभळ्या अंगावर बांगडी मोर. आमचाच पदर. म्हणजे तशाच चालीचा, पण पॉलिस्टरचा, आणि माझ्या डोळ्यांदेखत वीतभर, हातभर, दोन हात पुढे जात होता. सगळे मोर एका चेहऱ्याचे. आम्ही विणतो त्यात एखाद्या मोराची मान जरा उद्धट होते, एखादा ओशाळल्यासारखा दिसतो. त्या दिवशी विणणारीचं घरात काय चाललं होतं ते मोरावरून कळतं, असं मी लोकांना सांगते. मी कापडाचं टोक उलटवून पाहिलं. मागे सुटे धागे लोंबत होते. हाताने विणलेली पैठणी उलटी केली तरी सुलटीसारखीच दिसते. नव्या सुनेला पदर हातात देऊन आमच्याकडे तेच सांगतात, दोन्हीकडून सारखी राहा. सुनेला कसलं डोंबल कळतं तेव्हा.

"सुमन, तू हे पास करतेस?"

"धागा तुटलेला नाही. डाग नाही. पास."

"पण ही पैठणी आहे का?"

"अक्का, मला कापड तपासायला ठेवलंय, नाव ठेवायला नाही."

ती हे चिडून बोलली नाही. नजर काचेवरच होती. माझ्या मनात आलं, आत्ताच विचारावं. आणि मी विचारलं. पदर अर्धवट आहे, रंजनाचा हात जमत नाही, काठ आत येतोय, हे माग काढायचं म्हणतात, महिनाभर चल. फोनमधला फोटोही दाखवला. तिने बोटांनी फोटो मोठा केला, उजवा काठ पाहिला, मग मधली हद्द पाहिली. बराच वेळ पाहिली. तेवढ्यात ताका पुढे सरकला आणि तिने घाईने यंत्र थांबवलं.

"रविवारी सुट्टी आहे," ती म्हणाली. "रविवारी बोलू."

हळदीकुंकू

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, सगळ्यांच्या पाळ्या सांभाळून. जिन्यातून बायका येत होत्या आणि मी एका कोपऱ्यात पाठ टेकून बसले होते. येवल्याहून पैठणीवाली जाऊ आलीय ही बातमी माझ्याआधीच पोचली होती. एक म्हातारी आल्याआल्या म्हणाली, "येवलानी जाऊ उनी का? कथी शे?" आणि माझ्यासमोर बसून मला निरखू लागली.

आलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या अंगावर पैठणी. म्हणजे खात्यातली. हिरव्या, राणी, मोरपंखी. एरवी दिवसभर त्या खडे चिकटवतात, धागे कापतात, लेस लावतात. त्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे पदर लखलखत होते. पोरीबाळी एकमेकींचे पदर हातात घेऊन मोर बघत होत्या. मला चिडायचं होतं, पण चिडायला दम लागतो.

आतून सुमन आली. जांभळी पैठणी, नाकात नथ, पदर डाव्या हातावर मोकळा सोडलेला, मोर दिसावेत म्हणून. दीर गेल्यावर येवल्यात ती अशी नटली नसती; इथे कुणाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. परवा काचेवर होता तोच पदर. मी तिला पैठणीत पहिल्यांदा बघत होते. अठरा वर्षांत आम्ही दोघींनी किती जणींच्या लग्नाच्या साड्या मागावरून उतरवल्या, पण आमच्या कपाटात एकही नाही. विणणारीने ती नेसायची नसते असा काही नियम नाही. कधी झालंच नाही एवढंच.

"कशी दिसते?" तिने विचारलं.

"छान दिसतेस," मी म्हटलं. ते खरंच होतं.

कल्पनाने मला हळदीकुंकू लावलं, वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा दिला. हे मात्र येवल्यासारखंच, डब्याचं झाकणसुद्धा तसंच न बसणारं. एका पोरीने विचारलं, "मावशी, तुमची पैठणी कुठे आहे?" माझ्या अंगावर धुवट सुती पातळ. मी काही बोलायच्या आत सुमन म्हणाली, "त्या विणतात. त्यांच्या हातची बघायला परदेशातून लोक येतात." मी तिच्याकडे पाहिलं. ती ते मनापासून म्हणाली होती, आणि त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. कारण आमच्या घरी कुणी पाहुणे, फोटोवाले आले की चहा करायला सुमन उठायची आणि मागावर मी बसलेली असायचे.

पोंक

रविवारी ती मला तापीच्या पलीकडे पोंक खायला घेऊन गेली. पोंक म्हणजे आपला हुरडा. पण आपण शेतात शेकोटीभोवती बसतो, कणीस हातावर चोळतो, तोंड काळं करून घेतो. इथे रस्त्याकडेला मांडव टाकून पोंक तयार विकतात, हिरवागार, पाखडलेला. सोबत लिंबूमिरीची शेव आणि साखरेचे दाणे. चव चांगली होती. फक्त खायला जरा जास्तच सोपा. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो, पुढे नदीचं रुंद, संथ पाणी, पलीकडे उंच इमारती. मी म्हटलं, "बोल आता."

सुमनने पोंकाची वाटी मांडीवर ठेवली.

"अक्का, रंजनाला बोलू नका. तिचा हात चांगला आहे."

"मग काठ आत का येतो? तिच्याच बाजूचा येतो."

"ओढता तुम्ही. आत तिची बाजू येते."

मला आधी कळलंच नाही. ती समजावून सांगू लागली, शांतपणे, एकेक ओळ दाखवावी तसं. मध्ये हद्दीवर माझा धागा तिच्या धाग्यात अडकतो. तिथे मी धागा ओढून घेते. माझी बाजू घट्ट, नीटस दिसते. पण ओढलेला धागा दुसरीच्या बाजूचं कापड आपल्याकडे खेचतो, आणि तिचा काठ आत येतो.

"नीलेश शाळेत जायला लागला आनि मी मागावर बसले, तिसऱ्या महिन्यात हे मला कळलं. तुमच्याच लक्षात येईल म्हनून वाट पाहिली. तुम्ही मोठ्या. मी कसं सांगनार? मग मी हद्दीवर माझा धागा जरा जास्त सोडायला लागले. तुम्ही ओढलं तरी काठ जागेवर राहायचा."

मला एकदम सगळं आठवलं. मागावर असताना तिच्या बाजूला हद्दीशी धाग्यांचा किंचित फुगवटा दिसायचा. मी तिला रोज म्हणायचे, सुमन, तुझा हात सैल. आल्यागेल्यासमोर म्हणायचे. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यासमोर म्हणायचे. माझी जाऊ कामाला चांगली आहे, फक्त हात सैल आहे. साडी मागावरून उतरली की तो फुगवटा नाहीसा व्हायचा, काठ सरळ दोरीसारखा पडायचा, आणि व्यापारी म्हणायचे, काठ बघावा तर तुमच्या घरचा. मी ते ऐकून घ्यायचे.

मला राग आला. आधी रागच आला, लाज नंतर आली. "अठरा वर्षं गप्प बसलीस? एकदा तरी सांगायचंस."

"एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हनालात, आधी तुझा हात नीट कर."

हे मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी म्हटलं असणार, कारण वाक्य माझंच वाटतं.

बाजूच्या टेबलावर एक कुटुंब हसत पोंक खात होतं. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला परत जाता आलं नसतं. "सुमन, चूक माझी. मला मान्य आहे. तरी महिनाभर येतेस का? रजा मिळत असेल तर. तुझ्यावाचून तो पदर होत नाही."

तिने वाटीतली शेव बोटाने इकडून तिकडे केली.

"आले तर पदर होईल, अक्का. मला माहितीये. पन तिथं तुमच्या शेजारी बसले ना, की माझा हात आपोआप सैल पडेल. दोन वर्षं झाली. आता इथं मला कोनी काही म्हनत नाही. मी नापास म्हनलं की मास्तरसुद्धा गप्प बसतो. मला परत तसं बसवत नाही." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचा राग नाही मनात. खरंच नाही. पन मी येनार नाही."

"मग मी काय करू?"

"उकला. आनि हद्दीवर धागा ओढू नका."

"या वयात हात बदलतो का गं?"

"माझा बदललाच की," ती म्हणाली.

परत

सोमवारी पहाटे तिने मला बसवर बसवून दिलं. कामावर जायचं म्हणून ती कार्ड गळ्यात घालूनच आली होती. पाया पडायला वाकली, तर मी तिला वाकू दिलं नाही, खांद्याला धरून जवळ घेतलं. आम्हा जावांमध्ये असलं काही करायची पद्धत नाही, त्यामुळे दोघींनाही ते नीट जमलं नाही. तिची पर्स मध्ये आली. बस सुटल्यावर मी थोडी रडले आणि मग बारडोली येईपर्यंत झोपले.

घरी हे दारातच उभे होते. मी एकटीच उतरलेली पाहून पुढे आले. पिशवी हातातून घेतली. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे आपला सरळ काठ..." आणि वाक्य तिथेच सोडलं. नंतर माग काढायची गोष्ट त्यांनी परत काढली नाही, आणि मीही विचारलं नाही.

रंजनाच्या घरी मी स्वतः गेले. तिच्या सासूसमोरच तिला सांगितलं, दोष तुझा नव्हता, माझा होता. सासू चकित झाली. रंजनाने मला चहा दिला. मग आम्ही दोघींनी मिळून पदर उकलला. जरीची तार एकदा उकलली की पुन्हा वापरता येत नाही, तिला मोड पडतात. नवी जर लावली. लग्नाच्या आत पदर होईल असं वाटतं. होईलच असं आता मी कुणालाही सांगत नाही.

हद्दीवर हात आवरायचा म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? चाळीस वर्षं जे बोट आपसूक मागे येत आलं, त्याला दर ओळीला थांबवायचं. दुपारपर्यंत माझं डोकं दुखायला लागतं. डाव्या जागेवर बसलं की बोट जुन्याच चालीने चालायचं, ऐकायचंच नाही. तिसऱ्या दिवशी मी रंजनाला म्हटलं, तू ऊठ, इकडे डावीकडे बस, मी उजवीकडे बसते. जागा बदलली तर निदान हात गोंधळेल आणि मला त्याच्यावर लक्ष ठेवता येईल.

तर मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून उजव्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कांडी उचलली, हिरवा धागा कुठे आणि निळा कुठे ते बघायला मान खाली घातली आणि मला दिसेचना. आणखी वाकले, नाक कापडाला लागेपर्यंत, तेव्हा कुठे दिसलं. आमच्या मागाच्या खोलीला खिडकी एकच, आणि ती डाव्या भिंतीला. डावीकडे बसणारीच्या हातांवर दिवसभर उजेड असतो. तिची सावली उजवीकडे पडते. सुमन अठरा वर्षं माझ्या सावलीत बसून मोर विणत होती, आणि खोलीत अंधार आहे हे मला कधी ठाऊकच नव्हतं.